कार्थेजचें सैन्य व आरमार : युद्धनीतीच्या खेळाकरितां साधनविचार

संगणकावर खेळावयाच्या युद्धनीतीच्या खेळांत प्राचीन राष्ट्रांचीं सैन्यें उभीं करण्याचा प्रघात आतां चांगलाच रूढ झाला आहे. खेळणारा राज्याचा कारभार पाहतो, पथकें भरती करतो, आरमार बांधतो व शेजाऱ्यांशीं लढतो. हा विषय संशोधनाच्या पंक्तीस बसण्याजोगा नाहीं, असें कोणास वाटेल. परंतु ज्या तरुणानें पॉलिबियसचें नांवहि ऐकलेलें नसतें त्याच्या मनांत कार्थेजचें चित्र याच खेळानें उमटतें. आणि एकदां उमटलेलें चित्र पुसणें किती कठीण, हें बखरींतील कथा व अस्सल कागद यांची तुलना करणाऱ्या आमच्या वाचकांस सांगावयास नको. म्हणून असा खेळ रचणाऱ्यानें कोणतें साधन कितपत मानावें, याचा विचार येथें करावयाचें आम्हीं योजिलें आहे.

मुख्य अडचण अशी कीं, कार्थेजचें दप्तर उरलेलें नाहीं. इ. स. पू. १४६ मध्यें सिपिओ एमिलियानस या रोमन सेनापतीनें तें शहर जाळून उद्ध्वस्त केलें. तेथील ग्रंथसंग्रह आफ्रिकेंतील राजांस वाटून दिले व मागो याचे कृषिविषयक २८ ग्रंथ तेवढे लॅटिनमध्यें उतरविण्याचा ठराव रोमच्या सेनेटनें केला, असें प्लिनी सांगतो. सैन्यासंबंधीं कार्थेजकरानें लिहिलेला एकहि ग्रंथ आज उपलब्ध नाहीं. आहे तें ग्रीक व रोमन लेखकांचें, म्हणजे बहुतांशीं प्रतिपक्षाचें. अशा स्थितींत साक्षींची प्रतवारी लावणें हाच मार्ग. प्रत्यक्ष वस्तु प्रथम, कोरीव लेख त्यानंतर, समकालीन वृत्तांत तिसरा, आणि उत्तरकालीन कथन शेवटीं. शिवाय प्रत्येक पथकास त्याचें साल जोडलें पाहिजे.

कोरीव लेखाचें उत्तम उदाहरण हॅनिबलच्या सैन्यसंख्येचें आहे. दक्षिण इटलींतील लाकिनियमच्या भूशिरावर हॅनिबलनें प्यूनिक व ग्रीक या दोन भाषांत आपली हकीकत कोरविली होती. तेथील कांशाचा पत्रा पॉलिबियसनें स्वतः पाहून त्यांतील आंकडे उतरून घेतले. स्पेनमध्यें भाऊ हास्द्रुबल याजकडे ठेवलेल्या फौजेंत लिबियन पायदळ ११,८५०, लिगुरियन ३००, बालिआरिक गोफणदार ५००, नुमिडियन स्वार १,८००, लिबियन व लिबिफिनिशियन स्वार ४५०, इलर्गेट स्वार ३०० आणि हत्ती २१ होते. आरमारांत क्विंक्वेरीम जातीचीं मोठीं जहाजें ५०, क्वाड्रिरीम २ व तीन रांगांच्या वल्ह्यांचीं ट्रायरीम ५ होतीं. पैकीं ३२ क्विंक्वेरीम व पांचहि ट्रायरीम यांवरच वल्हेकऱ्यांची भरती पुरी होती. खेळ रचणाऱ्यास यांतून दोन गोष्टी मिळतात. गोफणदार नामांकित खरे, पण मूठभर. त्यांची भरती अमर्याद ठेवूं नये. आणि जहाज बांधणें व त्यावर माणसें चढविणें हे दोन निरनिराळे खर्च धरावे.

आतां उलट उदाहरण. 'पवित्र पथक' हें नांव डिओडोरस या इ. स. पू. पहिल्या शतकांतील लेखकाच्या ग्रंथांत येतें. सिसिलींत क्रिमिसस नदीवर टिमोलिऑनशीं झालेल्या लढाईंत व पुढें इ. स. पू. ३१० मध्यें अगाथोक्लिसविरुद्ध हें नागरिकांचें पायदळ लढलें, असें तो लिहितो. त्यानंतरच्या रोमशीं झालेल्या युद्धांत त्याचा उल्लेख नाहीं. असें असतां २००४ सालीं निघालेल्या 'रोम : टोटल वॉर' या खेळांत, ज्याचा आरंभ इ. स. पू. २७० पासून आहे, पवित्र पथकाचें पायदळ तर आहेच, वर त्याच नांवाचें घोडदळहि आहे! नांव खरें, पण काळ चुकला आणि अंग वाढविलें.

काळाचें महत्त्व लिबियन पायदळांतहि दिसतें. इ. स. पू. २१७ च्या ट्रासिमेनस सरोवराच्या लढाईनंतर हॅनिबलनें त्यांस लुटींत मिळालेलीं रोमन शस्त्रें दिलीं. पुढल्या वर्षीं कॅनी येथें तें दुरून रोमनांसारखेंच दिसत होतें. म्हणजे एकाच पथकाचे दोन वेष दाखविले पाहिजेत.

जहाजांविषयीं समुद्रानेंच साक्ष दिली आहे. इ. स. पू. २४१ मध्यें सिसिलीच्या पश्चिमेस एगादी बेटांपाशीं जें निर्णायक युद्ध झालें, त्या जागीं शत्रूच्या जहाजास भोसकण्यासाठीं नाळेवर बसविलेल्या कांशाच्या चोची वीसांहून अधिक सांपडल्या आहेत. एकीवर प्यूनिक लेख आहे, कांहींवर लॅटिन. पॉलिबियस क्विंक्वेरीमांची गोष्ट सांगतो, परंतु या चोचींच्या मापावरून तीं जहाजें बरीच लहान, ट्रायरीमच्या बेताचीं असावीं, असें तज्ज्ञांस वाटतें. मार्साला येथें १९७१ पासून ऑनर फ्रॉस्ट या विदुषीनें उकरून काढलेल्या जहाजाच्या लांकडांवर सुतारांनीं प्यूनिक अक्षरें खुणेसाठीं घातलेलीं आढळलीं. खुणेच्या अक्षरांनीं भाग जुळवीत जहाज बांधण्याची ही रीत खेळांत जलद बांधणीच्या रूपानें दाखविल्यास ती साधार ठरेल. कार्थेजच्या वर्तुळाकार गोदींत २२० जहाजांची सोय होती असें आपियन म्हणतो; उत्खननावरून अंदाज सुमारे १७० चा निघतो. येथें आम्ही उत्खननाच्या बाजूचे.

हत्तींच्या बाबतींत हिंदी वाचकास एक मोह पडेल. पॉलिबियस कार्थेजच्या माहुतांस 'हिंदी' म्हणतो. परंतु ग्रीकांत हा शब्द माहुताच्या धंद्याचें नांव होऊन बसला असावा. तेवढ्यावरून कार्थेजच्या फौजेंत हिंदी माणसें उभीं करणें धाडसाचें होईल. बार्का घराण्याच्या म्हणून मानलेल्या स्पेनमधील चांदीच्या नाण्यांवर आफ्रिकी हत्ती असून त्यावर एकटा माहूत आहे, अंबारी नाहीं. चित्रकारानें नाण्याबरहुकूम चालावें.

सारांश, खेळांत कल्पनेस जागा राहणारच. तथापि प्रत्येक पथकाच्या वर्णनांत त्याचें साल व त्याच्या आधाराची जात एका ओळीनें नमूद केल्यास खेळणाऱ्यास पुरावा कोठें संपतो हें कळेल. ज्या राष्ट्राचें दप्तर शत्रूनें जाळलें, त्याच्या नांवावर आपण आणखी खोटा कागद घालूं नये, एवढेंच आमचें मागणें आहे.