इंजिन बंद पडलं की विमान दगडासारखं पडतं का?

बारामतीकडची शिकाऊ विमानं आपल्या शेतांवरून जातात. जुलै 2022 मध्ये इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या शेतात असं एक विमान कोसळलं. चालवणारी मुलगी वाचली. तेव्हापासून बायका हा प्रश्न विचारतात.

इंजिन बंद पडलं तरी सेसना 152 सारखं छोटं विमान घारीसारखं तरंगत खाली येतं. 300 फुटांवरून साधारण पाऊण किलोमीटर पुढे जातं, पण वेग टिकला तरच. म्हणून वैमानिक आधी विमानाचं नाक खाली करते. नुकतंच उड्डाण झालेलं असतं, धावपट्टी मागेच असते, माघारी वळावंसं वाटतं. पण वळताना उंची झपाट्याने जाते. वेगही घटला तर पंखांचा आधार सुटतो आणि विमान कोसळतं. म्हणून समोरच, फार न वळता, मोकळं रान बघून उतरायचं, असंच शिकवतात.

ते रान आपलं असू शकतं. तेव्हा लगेच 112 ला फोन करा. विमानाच्या पंखांत पेट्रोल असतं, विडी-काडी पेटवू देऊ नका. नाकावरच्या पंख्याजवळ जाऊ नका. पोरांना लांब ठेवा, रुग्णवाहिकेला वाट मोकळी ठेवा. बघ्यांची गर्दी आवरणं, हीसुद्धा मदतच आहे.