प्रत्येक प्रकल्पाची वेगळी चूल

एका कामासाठी नवे पॅकेज बसवावे आणि कालपर्यंत सुरळीत चालणारा दुसराच प्रोग्रॅम आज बंद पडावा, हा अनुभव पायथॉन ही संगणकभाषा वापरणाऱ्या बहुतेकांना कधी ना कधी येतो. दोष बहुधा दोन्ही प्रोग्रॅमचा नसतो. दोघांचा संसार एकाच चुलीवर मांडलेला असतो, हे त्यामागचे कारण. ही चूल वेगळी कशी करावी आणि तसे केल्याने काय साधते, काय साधत नाही, हे जाणून घेणे अगत्याचे आहे.

भांडण कशावरून?

१९९१ मध्ये गिडो व्हॅन रोसम यांनी प्रसिद्ध केलेल्या या भाषेचे खरे बळ तिच्या तयार पॅकेजेसमध्ये आहे. 'पायथॉन पॅकेज इंडेक्स' या सार्वजनिक भांडारात आज पाच लाखांहून अधिक प्रकल्प उपलब्ध आहेत. 'पिप' या साधनाला नाव सांगितले की ते हवे ते पॅकेज आणून बसवते आणि त्याला लागणारी इतर पॅकेजेसही ओघाने आणते.

अडचण अशी की, पायथॉनच्या एका ठेवणीच्या जागेत एका पॅकेजची एकच आवृत्ती नांदू शकते. नव्या प्रकल्पाला पुढची आवृत्ती लागत असेल, तर पिप जुनी काढून नवी बसवते आणि फार तर एखादी सूचना दाखवते. जून २०२४ मध्ये 'नमपाय' या गणिती पॅकेजची २.० ही आवृत्ती आली, तेव्हा आधीच्या आवृत्तीवर बेतून तयार केलेली अनेक पॅकेजेस तिच्याबरोबर चालेनाशी झाली. ज्यांची सर्व कामे एकाच ठिकाणी होती, त्यांना एका कामाच्या सोयीसाठी दुसऱ्याची गैरसोय पत्करावी लागली.

लिनक्सवर तर धोका अधिक, कारण त्या प्रणालीची काही अंतर्गत साधनेच पायथॉनमध्ये लिहिलेली असतात. म्हणूनच जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून, प्रणालीच्या पायथॉनमध्ये पिपने थेट पॅकेज बसवू पाहिल्यास नकार मिळतो. हा नकार डावलण्याचा पर्याय आहे. मात्र त्याचे नावच 'ब्रेक सिस्टीम पॅकेजेस', म्हणजे 'प्रणालीची पॅकेजेस मोडा', असे ठेवले आहे. यावरून काय ते समजावे.

वेगळी चूल म्हणजे काय?

इयन बिकिंग यांनी २००७ मध्ये 'व्हर्च्युअलएन्व्ह' हे साधन तयार केले. पुढे २०१२ मध्ये पायथॉन ३.३ बरोबर 'व्हेन्व्ह' या नावाने तशीच सोय भाषेतच आली. तिची रचना साधी आहे. प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये आणखी एक फोल्डर तयार होतो. त्यात मूळ पायथॉनकडे नेणारा दुवा किंवा त्याची प्रत, एक छोटी नोंद-फाईल आणि पॅकेजेससाठी स्वतंत्र जागा असते. हे वातावरण 'ॲक्टिव्हेट' करणे म्हणजे आज्ञा शोधताना संगणकाने आधी याच फोल्डरमध्ये पाहावे, एवढीच व्यवस्था.

तरीही येथे अनेकांची फसगत होते. वातावरण सुरू आहे असे वाटते आणि चालते मात्र भलत्याच पायथॉनचे पिप. त्यामुळे पिप स्वतंत्रपणे न चालवता, वातावरणातील पायथॉनलाच ते चालवण्यास सांगणे अधिक खात्रीचे. मग पॅकेज नेमके कोठे गेले, हा प्रश्न उरत नाही.

हा फोल्डर उचलून दुसऱ्या संगणकावर नेऊ नये, कारण त्यात मूळ जागेचे पूर्ण पत्ते कोरलेले असतात. त्याऐवजी 'पिप फ्रीझ' या आज्ञेने बसवलेल्या पॅकेजेसची आवृत्त्यांसह यादी करून ती जपावी. फोल्डर पुसला गेला तरी या यादीवरून तो पुन्हा उभारता येतो. वातावरण टाकाऊ आणि यादी मोलाची, हे ध्यानी ठेवले म्हणजे पुष्कळ मनस्ताप वाचतो.

आडोशाची मर्यादा

'वेगळे' म्हणजे 'सुरक्षित' असा अर्थ मात्र काढू नये. ही व्यवस्था पॅकेजेसची आपापसांतील भांडणे मिटवते. दुष्ट हेतूच्या पॅकेजला ती अडवत नाही. वातावरणात चालणाऱ्या प्रोग्रॅमला वापरकर्त्याचे सर्व अधिकार असतात. त्याला आपल्या फाईली वाचता येतात, इंटरनेटवर पाठवताही येतात. काही पॅकेजेस तर बसवली जात असतानाच स्वतःच्या आज्ञा चालवू शकतात.

डिसेंबर २०२२ मध्ये याचा प्रत्यय आला. 'पायटॉर्च' या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या पॅकेजची रोज निघणारी चाचणी-आवृत्ती 'टॉर्चट्रायटन' या उपपॅकेजवर विसंबून होती. कोणीतरी त्याच नावाचे बनावट पॅकेज सार्वजनिक भांडारात ठेवले. २५ ते ३० डिसेंबर या काळात लिनक्सवर पिपद्वारे ती आवृत्ती घेणाऱ्यांकडे हे बनावट पॅकेज पोहोचले. संगणकावरील गुप्त किल्ल्यांसह फाईली बाहेर पाठवण्याची सोय त्यात होती. वेगळे वातावरण करूनही त्यांचे रक्षण झाले नसते.

तेव्हा प्रत्येक प्रकल्पाला स्वतंत्र वातावरण द्यावेच. पण पॅकेजचे नाव अक्षरशः तपासून घ्यावे. अनोळखी पॅकेज पारखायचे असल्यास महत्त्वाच्या फाईली नसलेला आभासी संगणक वापरावा. चूल वेगळी मांडली तरी घराचे दार सर्वांचे एकच असते. त्याची कडी आपणच लावायची असते.