नियम बदलला, खर्च कोणाचा? चेन्नईची अग्निशमन सेवा आणि राज्याची तिजोरी

तमिळनाडूतील कुंभकोणम येथे १६ जुलै २००४ रोजी एका शाळेला आग लागून ९४ बालकांचा मृत्यू झाला. या दुर्घटनेच्या पार्श्वभूमीवर दाखल झालेल्या अविनाश मेहरोत्रा विरुद्ध भारत सरकार या जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००९ रोजी निकाल दिला. शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क अंतर्भूत आहे, असे न्यायालयाने म्हटले व शाळांमध्ये अग्निसुरक्षेचे उपाय बंधनकारक केले. निकालाचे सर्वत्र स्वागत झाले आणि ते योग्यच होते. मात्र असा आदेश अंमलात येतो तेव्हा कोणीतरी प्रत्येक शाळेत जाऊन जिने, दारे व अग्निशामक नळकांडी तपासावी लागतात आणि प्रमाणपत्रावर सही करावी लागते. तमिळनाडूत हे काम राज्याच्या अग्निशमन व बचाव सेवा विभागाचे आहे. तपासणीला गेलेला अधिकारी त्या वेळी केंद्रावर नसतो. न्यायालयाच्या आदेशासोबत खर्चाचा अंदाज जोडलेला नसतो. तो पुढे विभागाच्या अंदाजपत्रकात हळूहळू प्रकट होतो.

आपत्कालीन सेवेचा नियम बदलला की त्याचा भार कोणावर पडतो, याचे उत्तर ती सेवा शासनाच्या कोणत्या स्तराकडे आहे यावर अवलंबून असते. १ जून १९९३ पासून अंमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत अठरा विषय दिले; त्यांतील सातवा विषय अग्निशमन सेवा हा आहे. परंतु अनुच्छेद २४३-डब्ल्यू नुसार हे विषय नगरपालिकांकडे सोपविणे राज्य विधानमंडळाच्या इच्छेवर आहे. त्यामुळे देशात एकच चित्र दिसत नाही. मुंबईचे अग्निशमन दल महानगरपालिकेचे आहे, आणि महाराष्ट्रातील अन्य महानगरपालिका व नगरपरिषदाही आपापली दले चालवितात. चेन्नईत मात्र महानगरपालिकेचे स्वतःचे अग्निशमन दल नाही. १९८५ च्या तमिळनाडू अग्निशमन सेवा अधिनियमाखाली ही सेवा राज्याचा विभाग पुरवितो, त्याचे मुख्यालय चेन्नईतील एग्मोर भागात आहे आणि त्याचा खर्च गृह खात्यामार्फत राज्याच्या एकत्रित निधीतून होतो.

या दोन पद्धतींतील फरक हद्दवाढीच्या वेळी स्पष्ट होतो. पुणे महानगरपालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे समाविष्ट झाली, तेव्हा तेथील आग विझविण्याची जबाबदारीही महानगरपालिकेकडे आली. त्या गावांतील मालमत्ता कर जिच्या खात्यात जमा होणार, तिनेच तेथे केंद्र उभारायचे, असा हा सरळ हिशेब आहे. तो वेळेवर पार पडतो की नाही हा प्रश्न निराळा. चेन्नईची हद्द २०११ मध्ये वाढली. नऊ नगरपालिका, आठ नगर पंचायती व २५ ग्रामपंचायती अशा ४२ संस्था विलीन होऊन शहराचे क्षेत्र १७४ चौरस किलोमीटरवरून ४२६ चौरस किलोमीटर झाले. मालमत्ता कर महानगरपालिकेकडे गेला. अग्निशमन केंद्रांची जबाबदारी होती तेथेच, म्हणजे राज्याकडे राहिली. विलीनीकरणाच्या दिवशी अग्निशमनावर एक रुपयाही नवा खर्च आला नाही, असे कागदोपत्री म्हणता येईल. परंतु शहरी भागात मदत किती मिनिटांत पोहोचावी याचे निकष ग्रामीण भागापेक्षा कडक असतात. गाव शहर झाले की तेथील रहिवाशाची अपेक्षाही शहरी होते आणि ती पुरी करण्याचे देयक राज्याच्या नावे निघते.

राज्यस्तरीय सेवेचा लाभही मान्य केला पाहिजे. २८ जून २०१४ रोजी मौलिवाक्कम येथे बांधकाम चालू असलेली बहुमजली इमारत कोसळून ६१ जणांचा मृत्यू झाला. हे ठिकाण महानगरपालिकेच्या हद्दीलगत, पण हद्दीबाहेर होते. तेथे कोणाच्या गाड्या जाव्यात आणि इंधनाचे पैसे कोणी द्यावेत, हा वाद उद्भवण्याचे कारणच नव्हते. डिसेंबर २०१५ च्या महापुरातही राज्याच्या एकाच विभागाला निरनिराळ्या जिल्ह्यांतील मनुष्यबळ व साधने चेन्नईकडे वळविता येत होती.

अमेरिकेतील टेक्सास राज्याची व्यवस्था याच्या उलट टोकाची आहे. तेथे मतदारांच्या संमतीने स्थानिक आपत्कालीन सेवा जिल्हे स्थापन होतात आणि मालमत्तेच्या प्रत्येक १०० डॉलर मूल्यावर कमाल १० सेंट इतका कर ते स्वतः बसवू शकतात. या जिल्ह्यांच्या नियमांत बदल करणारे विधेयक आले की त्यासोबत राज्यावर व स्थानिक संस्थांवर पडणाऱ्या भाराचे टिपण जोडले जाते. कर स्थानिक असल्याने राज्यावरील भाराच्या रकान्यात बहुधा विशेष काही नोंदवावे लागत नाही. चेन्नईसाठी तसे टिपण केले तर सर्वांत मोठा आकडा याच रकान्यात येईल.

आपल्याकडे अशी तरतूद नाही असे नव्हे. अनुच्छेद २०७ (३) नुसार, राज्याच्या एकत्रित निधीतून खर्च करावा लागेल असे विधेयक राज्यपालांच्या शिफारशीशिवाय सभागृहाला संमत करता येत नाही. संसदेसाठी हीच तरतूद अनुच्छेद ११७ (३) मध्ये आहे. अशा विधेयकांसोबत वित्तीय ज्ञापन जोडण्याची पद्धतही रूढ आहे. अडचण पुढच्या पायरीवर येते. दैनंदिन व्यवहारातील बहुतेक बदल अधिनियमात होत नाहीत, तर त्याखालील नियमांत होतात. नियम अधिसूचनेने निघतात व नंतर सभागृहापुढे ठेवले जातात. त्यांच्यासोबत वित्तीय ज्ञापन नसते. तमिळनाडूच्या २०१९ च्या एकत्रित विकास व इमारत नियमांचे उदाहरण घेता येईल. बिगर-उंच इमारतीची उंचीची मर्यादा या नियमांनी १५.२५ मीटरवरून १८.३० मीटर केली. या दोन आकड्यांच्या दरम्यानच्या इमारती उंच इमारतींच्या कडक छाननीतून सुटल्या. बांधकामाचा खर्च व परवानगीचा विलंब कमी करण्यासाठी ते उपयुक्त असेलही. पण शिडी मात्र अग्निशमन विभागालाच लावावी लागते. टी. नगर भागातील एका बहुमजली वस्त्रदालनाला ३१ मे २०१७ रोजी लागलेली आग एक दिवसाहून अधिक काळ धुमसत राहिली आणि इमारतीचा भाग कोसळला. दाट वस्तीतील एकच इमारत किती मनुष्यबळ व यंत्रणा अडकवून ठेवते, हे त्या वेळी शहराने पाहिले.

या सेवेच्या खर्चाचा मोठा भाग गाड्यांवर होतो असा समज असतो. वस्तुतः तो वेतनावर होतो. आठवड्याचे १६८ तास एक जागा भरलेली ठेवायची आणि प्रत्येकाने ४८ तास काम करायचे, तर एका जागेसाठी साडेतीन माणसे लागतात. रजा व प्रशिक्षण धरले तर ही संख्या चारपेक्षा जास्त होते. एका गाडीवर सहा जणांचे पथक ठेवायचे म्हटले तरी सुमारे २५ पदे निर्माण करावी लागतात. प्रतिसादाची वेळ दोन मिनिटांनी कमी करणारा नियम एका ओळीत लिहिता येतो. त्यासाठी नव्या ठिकाणी केंद्र लागते आणि त्या केंद्राची २५ पदे राज्याच्या महसुली खर्चात निवृत्तिवेतनासह पुढील अनेक दशके राहतात.

केंद्राकडून येणारे साहाय्य या संदर्भात तपासले पाहिजे. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२६ या कालावधीसाठी, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद निधीतील सज्जता व क्षमताबांधणीच्या तरतुदीतून, राज्यांतील अग्निशमन सेवांचा विस्तार व आधुनिकीकरण करण्याची ५,००० कोटी रुपयांची योजना २०२३ मध्ये सुरू झाली. तमिळनाडूसारख्या राज्याने प्रकल्पखर्चाचा २५ टक्के वाटा उचलावयाचा होता. ईशान्येकडील व हिमालयीन राज्यांसाठी तो १० टक्के होता. एकूण रकमेपैकी ५०० कोटी रुपये कायदेविषयक व पायाभूत सुधारणा करणाऱ्या राज्यांना प्रोत्साहन म्हणून राखून ठेवले होते. नियम बदलल्याबद्दल राज्याला पैसे मिळण्याचा हा दुर्मीळ प्रसंग. तथापि नवी केंद्रे, प्रशिक्षण केंद्रांचे बळकटीकरण व आधुनिक उपकरणे ही कामे प्रामुख्याने भांडवली स्वरूपाची आहेत. शंभर रुपयांच्या इमारतीत राज्याचे पंचवीस रुपये असतात. तिच्यात काम करणाऱ्यांचा पगार मात्र दरमहा राज्यानेच द्यायचा असतो.

त्याआधी तेराव्या वित्त आयोगाने २०१०-१५ या काळात स्थानिक संस्थांच्या कामगिरी अनुदानासाठी एक अट घातली होती. दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या महानगरपालिकांनी आगीच्या धोक्याला तोंड देण्याचा आराखडा तयार करावा, अशी ती अट होती. मुंबईत आराखडा करणारी व आग विझविणारी संस्था एकच होती. चेन्नईसारख्या शहरात अट महानगरपालिकेशी संबंधित आणि गाड्या राज्याच्या, अशी स्थिती होती.

केंद्रीय गृह मंत्रालयाने २०१९ मध्ये राज्यांकडे पाठविलेल्या अग्निशमन व आपत्कालीन सेवांच्या आदर्श विधेयकात अग्निकर व शुल्क आकारण्याची तरतूद आहे. चेन्नईत असा कर मालमत्ता करासोबत वसूल करणे सोयीचे ठरेल. मात्र मालमत्ता कर महानगरपालिका घेते आणि सेवा राज्य देते. तेव्हा गोळा झालेली रक्कम किती दिवसांत व कोणत्या लेखाशीर्षाखाली राज्याकडे वळती करावयाची, हे त्या कायद्यातच लिहावे लागेल.