चिकातून उतरणारे संरक्षण

डुकराचे पिल्लू जन्मते तेव्हा त्याच्या रक्तात रोगाशी लढणारी प्रतिपिंडे जवळजवळ नसतातच. माणसाच्या बाळाला ती आईच्या पोटात असतानाच वारेतून मिळतात. डुकरिणीची वार मात्र ती पलीकडे जाऊ देत नाही. पिल्लाची सारी भिस्त चिकावर, आणि तीही पहिल्या चोवीस तासांपुरती. त्यानंतर प्रतिपिंडे जशीच्या तशी रक्तात शोषून घेण्याची आतड्याची ताकद ओसरत जाते. म्हणून जाणता वराहपालक व्यायलेल्या मादीजवळ थांबतो, मागे पडलेले अशक्त पिल्लू उचलतो आणि सडाशी लावतो.

या दिवसांतला मोठा शत्रू म्हणजे ई. कोलाय जिवाणूचे काही प्रकार. अंगावरच्या अतिसूक्ष्म तंतूंनी ते लहान आतड्याच्या अस्तराला चिकटतात आणि विष सोडतात. अंगातले पाणी आतड्यात उतरते, पातळ हगवण लागते आणि जेमतेम किलो-दीड किलोचे पिल्लू पाहता पाहता सुकून जाते. अशा वेळी पिल्लाला लस टोचून उपयोग नसतो. स्वतःची प्रतिकारशक्ती तयार व्हायला लागणारा वेळच त्याच्या हाती नसतो. म्हणून लस देतात ती गाभण मादीला. डुकरिणीचा गर्भकाळ सुमारे ११४ दिवसांचा. त्याच्या अखेरच्या आठवड्यांत, कानामागे मानेच्या स्नायूत, सुई टोचली जाते. लशीत त्या तंतूंचेच अंश असतात. मादीच्या शरीरात त्यांच्याविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे चिकात उतरतात आणि पिल्लाच्या आतड्यात जिवाणूचे तंतू झाकून टाकतात. पकड न मिळालेला जिवाणू मग विष्ठेवाटे निघून जातो.

जिवाणूंवर लस शोधण्याच्या अगदी सुरुवातीच्या प्रयत्नांतही डुक्कर होतेच. एरिसिपेलस नावाच्या रोगात डुकराला सणकून ताप येतो, कातडीवर शंकरपाळ्याच्या आकाराचे लाल चट्टे उठतात आणि अनेक जनावरे दगावतात. १८८२ मध्ये लुई पाश्चर यांचे तरुण सहकारी लुई तुइलिए यांना फ्रान्समधल्या आजारी डुकरांत या रोगाचा जिवाणू सापडला. त्याच वर्षाच्या अखेरीस पाश्चर स्वतः दक्षिण फ्रान्समधल्या बोलेन गावी प्रयोगांसाठी गेले. हा जिवाणू एका कबुतरातून दुसऱ्यात असा पुढे नेत गेले, की तो डुकरांसाठी अधिक घातक होई. सशांमधून नेला, तर सशांसाठी जहाल होई. डुकरांना मात्र त्याने सौम्य आजार येई आणि पुढे खऱ्या रोगापासून बचाव होई. या निरीक्षणातून लस उभी राहिली. १८८३ च्या सप्टेंबरात कॉलऱ्याचा अभ्यास करताना तुइलिए अलेक्झांड्रियात कॉलऱ्यानेच गेले. ते अवघे सत्तावीस वर्षांचे होते. एरिसिपेलसचा जिवाणू निरोगी दिसणाऱ्या डुकरांच्या टॉन्सिलमध्येही दबा धरून राहतो. तो समूळ घालवणे कठीण, म्हणून त्याच्यावरची लस आजही द्यावी लागते.

लशीची जागा प्रतिजैविकांनी घेतली तर काय होते, हे २०१५ मध्ये चीनमध्ये दिसले. कोलिस्टिन हे माणसांसाठी शेवटच्या फळीतले औषध. तिथे ते पशुखाद्यातून सर्रास दिले जाई. जिवाणूला त्याला दाद न देण्याची ताकद देणारे एमसीआर-१ हे जनुक डुकरांतल्या ई. कोलायमध्ये आढळले. तेही एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे सहज जाणाऱ्या डीएनएच्या तुकड्यावर, म्हणजे प्लाझ्मिडवर. रुग्णालयांतल्या माणसांतही ते सापडले. चीनने २०१७ पासून जनावरांची वाढ होण्यासाठी कोलिस्टिन देणे थांबवले. भारताने २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत त्याच्या वापरावर बंदी घातली.

बंदीने औषध बंद होते, रोग नाही. त्या मोकळ्या जागी लस आणि स्वच्छ गोठा दोन्ही हवेत. लशीलाही मर्यादा आहेत. फुप्फुसाच्या मायकोप्लाझ्मा रोगावरची लस इजा कमी करते, संसर्ग पूर्ण रोखत नाही. स्ट्रेप्टोकॉकस सुइस या जिवाणूचे इतके उपप्रकार आहेत, की एका लशीने सगळे आवरत नाहीत. चिकातून आलेली प्रतिपिंडे पिल्लाला लवकर दिलेली लस निष्प्रभही करू शकतात. म्हणून वेळ साधणे महत्त्वाचे.

२०१९ च्या पशुगणनेनुसार भारतात सुमारे ९० लाख डुकरे होती आणि सर्वाधिक आसामात. त्यांतली कितीतरी परसात, दोन-चारच्या संख्येने पाळलेली. अशा घरापर्यंत शीतसाखळीतली लस आणि ती टोचणारा पशुवैद्यक पोहोचवणे हा केवळ पशुसंवर्धनाचा खर्च मानू नये. रोगच टळला, तर प्रतिजैविकाची मात्रा वाचते. आणि जनावरात न वापरलेली प्रत्येक मात्रा माणसाच्या औषधाची धार टिकवते. म्हणून हा खर्च सार्वजनिक आरोग्याच्या हिशेबातही धरायला हवा.