कैरोमध्ये पुन्हा पहिलीच्या वर्गात

कैरोला पोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी आम्ही सहा जणांनी एका भाकरीवाल्यापुढे स्वतःचे हसे करून घेतले. आम्ही म्हणजे मराठवाड्यातल्या वेगवेगळ्या उर्दू शाळांतले सहा शिक्षक, तिघी आपा आणि तिघे सर. उन्हाळी सुट्टीत चार आठवड्यांचा अरबीचा वर्ग करायचा म्हणून पदरमोड करून गेलो होतो. कुरआन लहानपणापासून वाचतो, उर्दू शिकवतो, मग अरबी कितीशी जड जाणार, असा तोरा मनात होताच. घोकलेले वाक्य म्हटले, ‘उरीदु खुब्ज़न’, म्हणजे भाकरी हवी. त्याने आमच्याकडे असे पाहिले, जणू कोणी ज्ञानेश्वरीच्या भाषेत वडापाव मागतो आहे. मग हसून म्हणाला, ‘एश?’

एश, म्हणजे आपला ‘ऐश’ शब्द. मूळ अर्थ जगणे. आपल्याकडे तो चैनीवर गेला, इजिप्तने तो भाकरीला दिला. 1977 च्या जानेवारीत तिथल्या सरकारने अशा रोजच्या जिनसांवरची सवलत काढली तेव्हा लोक रस्त्यावर उतरले आणि दोन दिवसांत निर्णय मागे घ्यावा लागला. ज्या भाषेत भाकरीचे नावच जगणे आहे, तिथे दुसरे काय होणार?

वर्गात रोज असेच धक्के बसत. ‘गरीब’ म्हणजे तिथे परका, अनोळखी. आम्ही दोन्ही अर्थांनी गरीब होतो. ‘जुलूस’ म्हणजे बसणे. आपला जुलूस तर उभ्या गावातून फिरतो! आम्ही कोणत्या जिल्ह्यातले हे सांगताना ‘जिल्हा’ शब्द उच्चारला, तो लिहूनही दाखवला, तेव्हा आमच्या उस्ताज़ांनी हसत स्वतःच्या बरगडीला हात लावला. मूळ शब्दाचा अर्थच बरगडी, बाजू.

स्वयंपाकाच्या पाळ्या लावल्या होत्या. घरी चुलीकडे कधी न फिरकलेले आमचे दोघे सर तिथे मसूर शिजवायला शिकले. त्यांच्या घरच्यांनी अजून विश्वास ठेवलेला नाही.

पण खरी गोष्ट ‘क़लम’ची आहे. उस्ताज़ा पुस्तकातली अरबी शिकवत, फुसहा. तासाची सुट्टी झाली की त्याच उस्ताज़ा कैरोच्या बोलीत बोलू लागत. त्या बोलीत जमालचा गमाल होतो आणि क़ाफ तर जवळजवळ नाहीसाच होतो. क़हवा झाला अहवा. एकदा त्यांनी आमच्याकडे पेन मागितले ते ‘अलम’ म्हणून. आम्ही एकमेकांकडे पाहिले.

कारण आपली दखनी बोलणारी मुले क़लमला ‘खलम’ म्हणतात, आणि आम्ही त्यांना उभे करून, वर्गासमोर, दहादा ‘क़लम’ म्हणायला लावत आलो आहोत.

तिसऱ्या आठवड्यात प्रत्येकाने उभे राहून पाच मिनिटे अरबीत बोलायचे होते. बावीस वर्षे नोकरी झालेल्या आमच्या आपा उठल्या, ओढणीचे टोक बोटाला गुंडाळत राहिल्या आणि एक शब्द न बोलता खाली बसल्या. मागच्या बाकावरची परदेशी पोरे हसली, वाईट हेतूने नसावीत.

त्या दिवशी असरनंतर आम्ही अल-अज़हरच्या पांढऱ्या संगमरवरी अंगणात बसलो होतो. या मशिदीत पहिली नमाज 972 साली झाली. पुढच्या काळात देशोदेशीचे विद्यार्थी इथे आपापल्या ‘रिवाक़’मध्ये राहात. तुर्कांचा वेगळा, मग़रिबींचा वेगळा, शामच्या लोकांचा वेगळा. अरबी सगळ्यांनी शिकायची, पण उठणे-बसणे आपल्या माणसांत. तिथे आपा म्हणाल्या, ‘चौथीतला एक पोरगा मला म्हणाला होता, मेरेकू खलम नक्को. सगळा वर्ग हसला. मीपण हसले. त्यानंतर वर्षभर तो वर्गात बोललाच नाही, आणि मी वहीत लिहिले, मुलगा अबोल आहे.’

त्यावर कोणी काही म्हणाले नाही. थोड्या वेळाने एका सरांनी मात्र सांगितले, ‘परीक्षा पुस्तकाच्याच भाषेत होते, आपा. नोकरीपण त्याच भाषेत मिळते.’ ते चूक नव्हते. वाद खोलीवर परतेपर्यंत चालला आणि मिटला नाही. कैरोची मुलेही घरी एक भाषा बोलतात आणि शाळेत दुसरीत लिहितात, पण घरच्या बोलीने त्यांचे शिकणे थांबत नाही, असे आमच्यातल्या चौघांचे मत पडले.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर आपांनी फळ्यावर दोन रकाने आखले, घरचा शब्द आणि किताबचा शब्द. एका पालकांनी तक्रार केली की मुलांना गावंढळ बोलायला शिकवतात. मुख्याध्यापकांना समजावण्यात एक दुपार गेली.

तो मुलगा आता सातवीत आहे. आपा मुद्दाम त्याच्या वर्गात गेल्या, त्याच्यापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, ‘खलम है क्या रे?’ त्याने पेन काढून दिले. उभा राहिला, आणि सावकाश, घशातून नीट ओढून म्हणाला, ‘जी आपा, क़लम.’