बारशिंगा आणि खोल पाण्यातील मुशी

जबलपूरहून आग्नेयेस मंडल्याच्या वाटेने गेले म्हणजे कान्हाची विस्तीर्ण कुरणे लागतात. तेथील बारशिंगा आणि अरबी समुद्राच्या काळोख्या खोलीत वावरणारी गल्पर जातीची मुशी यांची तुलना कोणालाही चमत्कारिक वाटेल. एकाने समुद्र पाहिलेला नाही, दुसरीने गवत! तथापि दोघांचे दुखणे एकच आहे. दोघांनाही एका वेळी बहुधा एकच पिलू होते.

बारशिंगा जवळजवळ निव्वळ गवतावर जगतो. पाडस जन्मले की मादी त्यास उंच गवतात दडवून ठेवते. गवत गेले की हा आडोसाही जातो. शिकार आणि कुरणांचा ऱ्हास यांमुळे कठीण जमिनीवर राहणाऱ्या या उपजातीची संख्या 1970 मध्ये अवघ्या 66 वर आली, आणि कान्हाबाहेर ती कोठेच उरली नव्हती. पुढे वन खात्याने वाघास शिरता येणार नाही असे आवार बांधले, कुरणांतील गावे हलविली आणि त्या जागी गवत वाढू दिले. त्या गवतासाठी काही कुटुंबांनी आपली घरे सोडली, हेही विसरता कामा नये. आज बारशिंगे हजाराच्या घरात आहेत. 2015 पासून काही सातपुड्याच्या रानातही नेण्यात आले.

मुशीची गोष्ट निराळी. पुष्कळ माशांच्या पोटात हवेची पिशवी असते. मुशीला ती नसते. तिचे प्रचंड यकृत तेलाने भरलेले असते, आणि तेल पाण्याहून हलके असल्यामुळे ती बुडत नाही. याच तेलातील स्क्वालीन हा पदार्थ सौंदर्यप्रसाधनांसाठी हवा असतो. मालदीवमध्ये 1980 च्या सुमारास तिची मासेमारी सुरू झाली आणि दोन दशकांत ती मिळेनाशी झाली. तेथील सरकारने सर्व मुशींच्या मासेमारीवर बंदी घातली ती 2010 मध्ये. केरळच्या किनाऱ्यावरील नौकाही तिच्यासाठी खोल पाण्यात गळ सोडीत आल्या आहेत.

तिच्याभोवती आवार बांधता येत नाही, की तिच्यासाठी कुरण राखता येत नाही. गळ किती खोल सोडावा, एवढेच माणसाच्या हाती असते. शिवाय बारशिंग्याचा गर्भकाळ आठ महिन्यांचा, तर या मुशीचा सुमारे दोन वर्षांचा. आणि जन्मलेले पिलू वयात येण्यास दहाहून अधिक वर्षे लागतात. तेवढ्या काळात कान्हाच्या कुरणात बारशिंग्यांच्या तीन-चार पिढ्या होऊन जातात.