बाटलीच्या गळ्यातलं सोनेरी पदक

नाशिकच्या द्राक्षबागा मागे टाकून गोदावरी आमच्या परभणी जिल्ह्यात येते, तेव्हा काठावर ऊस, कापूस, ज्वारी असते. वाइनशी इथल्या माणसाची गाठ पडते ती दुकानाच्या फळीवर. तिथं एखाद्या लहान वाइनरीच्या बाटलीवर ‘सुवर्णपदक’ अशी सोनेरी चकती दिसली की दोनच प्रतिक्रिया ऐकू येतात. ‘पहिला नंबर आलाय’ नाहीतर ‘पैसे देऊन आणलंय’. दोन्ही चुकीच्या आहेत.

पहिला नंबर म्हणजे काय, हे इथल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. कृषी खात्याच्या पीकस्पर्धेत प्लॉटची कापणी होते, धान्य काट्यावर चढतं आणि ज्याचं वजन जास्त, तो पहिला. वाइनच्या पदकाची रीत निराळी आहे. लंडनच्या ‘डिकँटर’ स्पर्धेत १०० पैकी ८६ ते ८९ गुणांना कांस्य, ९० ते ९४ ला रौप्य, ९५-९६ ला सुवर्ण आणि त्यावर प्लॅटिनम मिळतं. म्हणजे दहावीच्या निकालातल्या विशेष प्राविण्यासारखं. ते एकाच वर्षी अनेकांना मिळतं. सुवर्णपदक मिळालेली वाइन चांगली ठरली एवढंच कळतं. ती कुणाला हरवून आली, हे त्यातून कळत नाही.

आता पैशांचं. स्पर्धेला प्रवेशशुल्क असतं, ते खरं आहे. पण नावाजलेल्या स्पर्धांत परीक्षकासमोर येतो तो नंबर घातलेला पेला. लेबल त्याला दिसत नाही. द्राक्ष आणि वाइनच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा, म्हणजे ‘ओआयव्ही’चा नियम असा, की तिच्या आश्रयाखालच्या स्पर्धेत आलेल्या नमुन्यांपैकी ३० टक्क्यांहून अधिक नमुन्यांना पदक देता येत नाही. सगळ्याच स्पर्धा हा नियम पाळत नाहीत. म्हणून चकतीवर स्पर्धेचं नाव शोधावं. नुसतं ‘पुरस्कारप्राप्त’ लिहिलं असेल तर त्याला मी वजन देत नाही.

मग परीक्षकांची जीभ तरी काट्यासारखी अचूक असते का? या प्रश्नाचं सर्वांत प्रामाणिक उत्तर एका लहान वाइनरीवाल्यानंच शोधलं, याचं मला फार अप्रूप वाटतं. कॅलिफोर्नियातले रॉबर्ट हॉजसन हे समुद्रविज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक. त्यांची स्वतःची छोटी वाइनरी. आपलीच वाइन एका स्पर्धेत सुवर्ण मिळवते आणि दुसरीकडून रिकाम्या हातानं परत येते, याचा त्यांना उलगडा होईना. कॅलिफोर्नियाच्या राज्य जत्रेतल्या स्पर्धेत त्यांनी चार वर्षं एक प्रयोग केला. एकाच बाटलीतली वाइन, परीक्षकाला न सांगता, तीन वेगवेगळ्या पेल्यांत दिली. २००८ साली निष्कर्ष छापून आले. तिन्ही वेळा एकाच पदकाच्या टप्प्यात गुण देणारे परीक्षक निघाले साधारण दहा टक्के. पुढच्या वर्षी त्यांनी अमेरिकेतल्या तेरा स्पर्धांचे निकाल शेजारी ठेवले. तीनहून अधिक स्पर्धांत गेलेल्या २,४४० वाइनपैकी ४७ टक्के वाइनना कुठंतरी सुवर्ण मिळालं होतं. आणि या सुवर्णवाल्यांपैकी ८४ टक्के वाइन दुसऱ्या एखाद्या स्पर्धेत पदकाविना राहिल्या होत्या.

यात परीक्षकांची लबाडी नाही. एका बैठकीत पेल्यामागून पेला चाखताना जीभ थकते, आधीच्या पेल्याच्या चवीची सावली पुढच्यावर पडते. लाल कंधारी वळूंच्या प्रदर्शनातही दोन जाणत्यांचं एका जनावरावर एकमत होईलच असं नाही. पण तिथं जनावर दिवसभर डोळ्यांसमोर उभं असतं, पुन्हा जाऊन पाहता येतं.

‘या वाइनरीला पदक आहे’ असं सरसकट म्हणणंही चूक. पदक एका वाइनला असतं, आणि तेही एका सालाच्या. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लांबला, फुलोऱ्यात ढगाळ हवा राहिली, काढणीच्या तोंडावर अवकाळी झाली, की त्याच बागेतल्या त्याच शिराझ द्राक्षांची साखर आणि आंबटपणा बदलतो. लेबलावरचं साल आणि पदकाचं साल जुळतं का, हे आधी पाहावं.

पदकाची वाइन म्हणजे आरोग्याला चांगली, हा गैरसमजही इथंच दूर करायला हवा. पदक चवीला मिळतं. दारूचं कुठलंही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे, आणि वाइनही त्यातून सुटत नाही.

राहिली पदक नसलेली बाटली. २००१ च्या राज्याच्या द्राक्षप्रक्रिया धोरणानंतर विंचूर, पलूसला वाइन पार्क झाले आणि नाशिक भागात अनेक लहान वाइनऱ्या उभ्या राहिल्या. अशा ठिकाणी एखादी खास वाइन एकाच ओक पिंपात मुरते. २२५ लिटरच्या पिंपातून भरतात जेमतेम ३०० बाटल्या. स्पर्धेला प्रत्येक वाइनचं वेगळं शुल्क, वर नमुन्याच्या बाटल्या, त्या परदेशी पोचवण्याचा खर्च आणि कागदपत्रं. मोठ्या कंपनीला हे जाणवतही नाही; छोटा मालक मात्र हिशेब मांडतो आणि कित्येकदा बाटली पाठवतच नाही. दुकानाच्या फळीवर स्पर्धेत हरलेली बाटली आणि स्पर्धेला कधी गेलीच नाही ती बाटली, दोन्ही सारख्याच दिसतात.